10 ऑक्टोबरची फेरी आणि 'शुगरसारखाच आजार' ही घोषणा: उपयोग किती?

धोटा

10 ऑक्टोबर आला की सोलापुरात जागतिक मानसिक आरोग्य दिनाची फेरी निघते. फलक, टोप्या, चार हुतात्मा पुतळ्यापाशी फोटो, आणि घोषणा तीच: 'मानसिक आजार हा शुगर-बीपीसारखाच आजार'. माझं म्हणणं सरळ आहे. फेरी बंद करा आणि ती माणसं, तो वेळ ओपीडी आणि गोळ्यांकडे वळवा.

शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. सिव्हिलला जायचं म्हणजे केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, गोळ्यांची रांग. त्या दिवसाचा हजारा बुडाला. वर 'मनोविकार' पाटीखाली बाकड्यावर बसायचं आणि समोरून गल्लीतलं कुणी जायचं. ती येत नाही ती नुसत्या लाजेनं नाही. लाज आणि बुडालेली मजुरी एकत्र पडते.

पुढची गफलत गोळीची. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला 2 ते 4 आठवडे लागतात, पण मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या आठवड्यातच सुरू होते. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. हे कुणी सांगितलेलं नसतं. आठव्या दिवशी बाई गोळी बंद करते, 'त्यानं अजूनच बिघडलं' असं नळावर बोलते, आणि पाच घरं उपचारापासून कायमची तुटतात. फलकावरच्या घोषणेनं ती परत जोडली जात नाहीत.

म्हणून: पहिल्या दिवशी त्रासाची आणि गुणाची तारीख कागदावर लिहून द्या. सातव्या-आठव्या दिवशी फोन. चौथ्या आठवड्यात तपासणी. बरं वाटल्यावरही 6 ते 9 महिने गोळी चालू, मग हळूहळू कमी. आणि गोळ्या महिनाभराच्या, घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, बीपी-शुगरच्याच रांगेत. वेगळी पाटी नकोच.

पूर्वभागातली

धोटा, गोळीबद्दल सगळं मान्य. पण पाटी काढली म्हणजे ती लाजिरवाणी होती हे आपणच कबूल केलं. लपवून दिलेला उपचार लपवण्याजोगाच राहतो.

आणि रांगेपर्यंत येणार कोण? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता, हे आपल्याकडे आकडे फेकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं). बहुतेक मानसिक आजारांत 70 टक्क्यांहून जास्त लोक उपचाराविना होते. त्या सगळ्यांना काय फक्त रांग आडवी आली?

इथं घरात आजाराला पहिलं नाव मिळतं ते 'बाहेरचं'. दुसरं, रागाच्या भरात, 'येरवड्याला टाका'. आपली पत्रकं मात्र 'नैराश्य', 'चिंताविकार' या भाषेत. पूर्व भागात घरात तेलुगू, पुढे कन्नड, कुठे दखनी. लोक म्हणतात 'डोस्कं गरम होतंय', 'जीव लागंना', 'छातीत धडधड'. हे शब्द पत्रकावर नाहीत, म्हणून ते पत्रक आपल्यासाठी आहे असं कुणाला वाटतच नाही.

आशाताईंकडे साधन आहे. दोनच प्रश्न: गेल्या 2 आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकाला 0 ते 3 गुण, बेरीज 3 किंवा जास्त आली तर या दोनांसह पूर्ण नऊ प्रश्न. बिघडतं कुठं? प्रश्न उंबऱ्यावर, सासूसमोर, फॉर्म भरल्यासारखे विचारले जातात. सून 'नाही' म्हणते, दोन्हीकडे शून्य. त्याऐवजी बीपी मोजायला आत बसवावं, आधी झोप, भूक, अंगदुखी विचारावी, मग हे दोन, आणि तिच्या भाषेत. हीच जागृती. ती बंद करून नुसत्या गोळ्या ठेवल्या तर केंद्रात कालबाह्य होतील.

कडक_भाकरी

दोघंही घोषणेला हात न लावता पुढं गेलात. माझा आक्षेप तिच्यावरच आहे.

'मेंदूतलं रसायन बिघडलंय, शुगरसारखंच' असं सांगितलं की रुग्णाला दोष देणं कमी होतं, इथपर्यंत खरं. पण संशोधनात पुन्हा पुन्हा दुसरी बाजूही दिसली आहे: तेच ऐकून लोकांना वाटतं की हा आता सुधारणार नाही. लांब राहण्याची इच्छा कमी होत नाही. शिवाय आपल्याकडे शुगर म्हणजे जन्माची गोळी. पहिल्यांदाच नैराश्य आलेल्याला, ज्याची गोळी वर्षभरात सुटू शकते, आपण फुकट घाबरवतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2022 च्या आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता: कलंक कमी करायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो आजारातून गेलेल्या माणसांशी थेट संपर्क. तोही नीट केला तर. 15-20 जणांचा गट, एकाच कामाचे: जॉबर (मागांची देखभाल करणारे), मेडिकल दुकानदार, पोलीस, शाळेचे शिक्षक. आजारातून सावरलेले दोघे, त्याच थरातले. वीस मिनिटं बोलणं, त्याहून जास्त वेळ प्रश्न, आणि दोन-तीन महिन्यांनी परत तोच गट, कारण एकदाच केलेल्याचा परिणाम विरतो. फार मोठं यश मिळवलेला वक्ता आणू नका, लोक 'तो वेगळा' म्हणून सोडून देतात. रडवणारी कहाणी नको, तिनं दया वाढते आणि नोकरी कुणी देत नाही. व्हिडिओ काढायचा नाही. मानधन द्यायचं. नारळ-शाल म्हणजे मानधन नव्हे.

धोटा

छान. पण सोलापुरात उभं कोण राहणार? बोलणाऱ्याच्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं. समाज लहान, सगळे एकमेकांच्या नात्यात. तुमचा संपर्क पुण्यात चालेल.

कडक_भाकरी

वक्ता बार्शीचा सोलापुरात आणि सोलापूरचा लातुरात न्यावा. किंवा सुरुवात सांभाळणाऱ्या नातेवाइकांपासून करावी. अडचण खरी आहे, पण ती पाटी काढून सुटत नाही.

काळा_कोट

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर थोडं कायद्याचं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 5 मध्ये फेफरं हा लग्नाला अडथळा होता, तो 1999 मध्ये निघाला. महारोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये गेलं. मानसिक विकार मात्र अजून आहे, फक्त नुसतं निदान पुरत नाही. आजार अशा स्वरूपाचा, इतका तीव्र हवा की संसार करणं शक्य नाही. कोर्टात खरा मार बसतो तो लपवल्याचा: महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली म्हणून कलम 12 खाली लग्न रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत.

म्हणून सांगायचं. कुणाला? मध्यस्थाला नाही, थेट मुलाला किंवा मुलीला, साखरपुड्याआधी. किती? आजाराचं नाव, कधीपासून, कोणती गोळी, शेवटचं कधी बिघडलं होतं. बस्स. जन्मापासूनचा इतिहास नाही.

न सांगितल्यानं काय होतं तेही बघा. सासरी गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत जातात, मग सुटतात, सहा महिन्यांत आजार उलटतो. सोडियम व्हॅलप्रोएट (फेफरं आणि मूडच्या आजारात देतात ती गोळी) चालू असेल तर याहून वाईट: गरोदरपणात त्यानं बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा, आणि अचानक स्वतःहून बंद करणंही धोक्याचं. दिवस राहण्याआधीच डॉक्टरशी बोलून गोळी बदलावी लागते. लपवणाऱ्या घरात हे बोलणं होतच नाही.

बाकी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे (कलम 23), विमा शारीरिक आजारासारखाच द्यायला सांगितलं आहे (कलम 21), आणि साखळीनं बांधणं बंद केलं आहे (कलम 95). 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा 28 जण साखळ्यांमुळे पळू शकले नव्हते. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा आपल्याकडे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही गुन्हा आहे.

पूर्वभागातली

साखळी आणि मार यांना कायदा हवाच, वाद नाही. पण नुसतं दर्शनाला, उताऱ्याला जाणाऱ्याला त्याच कायद्याची भीती घातली की तो देवही लपवतो आणि गोळीही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात प्रार्थनेसोबत औषधही, असं 'दवा-दुवा' चालवलं, मुजावरांनाच लक्षणं ओळखायला शिकवलं. 'आधी देवाचं सोड, मग ये' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही.

धोटा

हे पटलं. आता एक तुम्हा सगळ्यांकडून सुटलेलं. तुम्ही ज्याला कलंक म्हणता त्यातला काही भाग अनुभव आहे. 'गोळीची सवय लागते' हे उगाच पसरलेलं नाही. झोप येत नाही म्हणून कुणी अल्प्राझोलाम महिनोन्‌महिने दिलं की ते खरंच सुटत नाही. नैराश्याच्या गोळीचं तसं व्यसन लागत नाही, पण लोकांना दोन्ही 'झोपेच्याच गोळ्या'. आधी चिठ्ठ्या सुधारा.

आणि मागावरचा हिशोब. गुंगी आणणारी गोळी रात्री घ्या म्हटलं आणि माणूस रातपाळीला, तर मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याजवळ हात जायचा धोका. कामाची पाळी विचारून गोळीची वेळ ठरवावी, पाळी बदलली की वेळही. लिथियमवाल्यांचं (मूड फार वर-खाली होण्याच्या आजारात देतात ती गोळी) तर उन्हाळ्यात जास्त. शेडमध्ये घाम, पाणी कमी, वर कंबरदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक. दोन्हींनी रक्तातलं लिथियम चढतं. साधारण 0.6 ते 1.2 मिलीमोल प्रति लिटरच्या आत लागतं, तपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. हात जास्त थरथरले, उलटी-जुलाब, तोल जाणं सुरू झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. मुकादमाला हे माहीत नसलं तर तो म्हणतो, 'वेड परत उसळलं'.

कडक_भाकरी

मुकादमाला माहीत हवं, म्हणजे शेवटी कुणीतरी सांगायला हवंच ना? त्यालाच जागृती म्हणतात, साहेब.

धोटा

तिला विरोध नाही हो, फेरीला आहे. त्यापेक्षा टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा 14416 नंबर रिक्षांच्या पाठीवर लावा. फुकट आहे, चोवीस तास, भाषा निवडता येते.

पूर्वभागातली

रिक्षा चालेल. वर 'मानसिक' शब्द नको. 'झोप लागत नाही?' एवढंच, मोठ्या अक्षरांत, आणि तेलुगू आधी.