मदत हवी आहे : मुलांसोबत मोठ्या पडद्यावर खेळायला चित्रपुस्तकासारखा, छोटा कोड्यांचा गेम

मंडळी,

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. मुलं साधारण आठ ते तेरा वर्षांची. काही मराठी माध्यमाची, काही इंग्रजी माध्यमाची. येत्या दिवाळीच्या सुट्टीत क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून सगळ्यांनी मिळून एक अख्खा गेम खेळायचा, असं मनात आहे. मारामारी नको, पॉइंट नकोत, घड्याळ नको. आपण चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसतो तसा, कोडी सोडवत पानामागून पान पुढे जाणारा आणि एका बैठकीत संपणारा गेम हवा आहे.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आहे 'गोरोगोआ'. २०१७ साली आलेला हा गेम जेसन रॉबर्ट्स ह्यांनी केला. सगळी चित्रं त्यांच्या हातची, आणि ती पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागली. पडद्यावर फक्त चार चौकटी, दोन वर आणि दोन खाली. प्रत्येक चौकटीत एक चित्र. चित्रात आत शिरता येतं, बाहेर येता येतं, चौकट उचलून दुसरीकडे ठेवता येते, आणि काही वेळा एका चित्राचा वरचा थर अलगद उचलून दुसऱ्या चित्रावर बसवता येतो. अख्ख्या गोष्टीत एकही शब्द नाही. एका मुलाला शहरातल्या घरांमागून एक अजस्र रंगीत प्राणी सरकताना दिसतो, आणि त्याच्यासाठी तो वाडग्यात पाच रंगांची पाच फळं गोळा करायला निघतो. कथा म्हणून एवढंच सांगता येतं. बाकी सगळं बघायचं.

भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन मी घरी लॅपटॉपवर हा खेळून पाहिला. त्यांचं काय झालं ते जरा सविस्तर लिहिते, कारण माझे प्रश्न त्यातूनच आले आहेत.

एका जागी दिव्याची रिकामी चौकट आहे आणि दुसऱ्या चित्रात रात्रीचं आकाश. दिव्याची चौकट उचलून आकाशातल्या ताऱ्यावर ठेवली की तो ताराच दिव्यातली ज्योत होतो. हे भाचीच्या हातून घडलं तेव्हा तिघी अक्षरशः किंचाळल्या. पुढचा बराच वेळ त्या गेम विसरून खिडकीच्या गजांतून, कपाटाच्या काचेतून एकमेकींकडे बघत होत्या. सफरचंद वरच्या चौकटीतून खालच्या चौकटीतल्या वाडग्यात पडतं, तेव्हाही तसंच झालं. चौकटीच्या बाहेर काही नसतं, हे आपण किती गृहीत धरतो!

मग वादाला तोंड फुटलं. गोष्टीत एक मुलगा आहे, एक तरुण आहे, पुस्तकांत बुडालेला एक माणूस आहे, एक म्हातारा आहे. हे सगळे एकच की वेगवेगळे? भाचीचं ठाम मत, एकच माणूस. एक मैत्रीण म्हणाली, हे आजोबा, बाबा आणि नातू आहेत. तिसरीचं म्हणणं, म्हाताऱ्याला स्वप्न पडलंय. जेवणाच्या ताटावरही हेच चालू होतं. दोन तासांच्या गेमने मुलींना इतकं बोलतं केलं, म्हणून मला हा कट्ट्यावर न्यायचाच आहे.

अडचणी अशा. पहिली आणि सगळ्यात मोठी, सुचवणी कशी द्यायची? काही कोडी खरोखर अवघड आहेत. मुलं अडली की हाताला येईल ती चौकट उचलून कुठेही ठेवत सुटतात, आणि योगायोगाने कोडं सुटलं तर त्यांना कळतही नाही काय झालं. मी उत्तर सांगितलं तर सगळी मजा गेली. नाही सांगितलं तर पंधरा-वीस मुलांची खोली हातातून जाते. घरी तिघींना सांभाळणं वेगळं.

दुसरी अडचण, गोष्टीत पुढे युद्ध येतं. उद्ध्वस्त शहर, पडलेल्या भिंती, जखमी माणूस. रक्त नाही, आरडाओरडा नाही, पण ते चित्र जड आहे. भाचीची मैत्रीण गप्प झाली होती. आठ वर्षांच्या मुलांना हे दाखवावं का? त्यातून पाचही फळं गोळा करून मुलाला हवं ते मिळतच नाही. मला हेच फार खरं वाटतं, पण लहानांना ते कसं पोचेल?

तिसरं, ह्याच जातीचं आणखी काय आहे? 'मॉन्युमेंट व्हॅली' मी स्वतः खेळले आहे. इडा नावाची छोटी राजकन्या, न होऊ शकणाऱ्या इमारती, एका कोनातून तुटलेला आणि दुसऱ्या कोनातून जोडलेला जिना. अतिशय देखणा आहे, आणि चार ठोकळ्यांचा एकडोळ्या टोटेम तर मुलांचा लाडका होणारच. पण माझ्या मते त्यातली कोडी सोपी आहेत आणि त्यावर मुलं एकमेकांशी बोलतील असं वाटत नाही. जो तो आपापल्या हाताने फिरवून बघेल. शिवाय मधे मधे थोडा इंग्रजी मजकूर येतो. मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्याच पानावर दुसऱ्याला 'काय लिहिलंय रे?' विचारावं लागलं की तो मागे सरकतो. हे मी कट्ट्यावर पुस्तकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून शब्दांशिवायचाच हवा.

ज्यांनी मुलांबरोबर किंवा घरातल्या मोठ्यांबरोबर असे गेम खेळले आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

प्रतिसाद १

ताई, 'सामोरोस्ट' बघा. पहिला भाग २००३ सालचा, याकुब द्वोर्स्की ह्यांनी प्राग इथे कलाशिक्षण घेताना केलेला. आता मोफत मिळतो. टोपीवाला एक बुटका, त्याच्या छोट्या ग्रहावर दुसरा ग्रह येऊन आदळणार असतो आणि तो त्याला वाचवायला निघतो. शब्द नाहीत, आणि अर्ध्या तासाच्या आत संपतो. 'गोरोगोआ'च्या आधी हात साफ करायला उत्तम. ह्याच मंडळींचा 'माशिनारियम' जास्त प्रसिद्ध आहे, पण तो एका बैठकीत संपणार नाही. त्यात सुचवणीची सोय मात्र छान आहे. उत्तरांचं पुस्तक कुलूपबंद असतं आणि ते उघडायला आधी एक छोटासा खेळ जिंकावा लागतो. तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी त्यातून काही सुचेल.

प्रतिसाद २

दोन तासांत संपणाऱ्या गेमला पैसे मोजायचे हे मला पटत नाही. मुलांना तेवढ्यात क्रिकेटची बॅट येईल. बाकी उपक्रमाला शुभेच्छा.

प्रतिसाद ३

मी दादरच्या एका शाळेत बरीच वर्षं चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. गेम माझ्या मुलाने मला दाखवला आणि मी तो त्याच्याआधी पुरा केला, म्हणून लिहितो.

सुचवणी देताना 'काय करायचं' हे कधीच सांगू नका, 'काय दिसतंय' हे विचारा. मुलं अडली की सगळ्यांचे हात खाली. माऊस कोणाकडेच नाही. आता प्रत्येक चौकटीत काय काय आहे ते मोठ्याने सांगायचं. कोणी म्हणेल खिडकी, कोणी म्हणेल गोल. 'गोल' हा शब्द दोन वेगळ्या चौकटींसाठी आला की तिथे थांबा. ह्या गेमची बहुतेक कोडी आकारांच्या जुळण्यावर उभी आहेत. एका चित्रातली कमान, दुसऱ्यातलं दार, तिसऱ्यातली फ्रेम. मुलांनी तोंडाने आकार म्हटले की त्यांचे त्यांनाच जुळतात. तरीही नाही सुटलं, तर फक्त इतकंच म्हणा की ह्या दोन चौकटींत काहीतरी आहे, आणि पुन्हा गप्प बसा. शेवटची कृती मात्र मुलाच्याच हाताने झाली पाहिजे, मग कितीही वेळ जावो.

मुलगा आणि म्हातारा एकच का, हा वाद गेमच्या आधीच पेटवा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची छापील चित्रं न्या. तिथल्या जातककथांत एकच व्यक्ती एकाच सलग चित्रात पुन्हा पुन्हा येते. इथे महालात, तिथे वनात, मधे रेघ नाही. कुठला प्रसंग आधीचा आणि कुठला नंतरचा, हे बघणाऱ्याने शोधायचं. आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ ह्या काळात त्या चित्रांच्या प्रती केल्या होत्या, हेही मुलांना सांगा. पंधरा मिनिटं ह्यात घालवलीत तर 'गोरोगोआ'च्या चार चौकटींत काळ पुढे-मागे होतो हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

युद्धाबद्दल माझं मत : दाखवा. मुलं टीव्हीवर ह्याहून वाईट एकटी बसून बघतात. इथे ती सगळ्यांसोबत बघतील आणि विचारतील. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांना आधी कल्पना द्या.

प्रतिसाद ४

परळला राहतो, मूळ गाव कुडाळजवळ. तुमचा धागा वाचून पिंगुळीची चित्रकथी आठवली. आमच्याकडे ठाकर समाजातले कलाकार चित्रांची पोथी घेऊन बसतात, एकेक पान समोर धरतात आणि त्यातली कथा गाऊन सांगतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे चित्र गप्प असतं आणि बोलणारा माणूस असतो.

तुमचा गेमही गप्प आहे, तर दर फळामागे एका मुलाला कथेकरी करा. माऊस दुसऱ्याकडे. कथेकऱ्याने जे घडतंय ते मराठीत सांगत जायचं, त्याला वाटेल तसं. पुढच्या फळाला दुसरा कथेकरी, आणि त्याने आधीच्याची गोष्ट पुढे न्यायची. वीस मुलं शांत बसवायचा प्रश्नही सुटेल, कारण आपली पाळी कधी येते ह्याकडे सगळ्यांचं लक्ष राहील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, 'हात खाली' हे अगदी पटलं. भाचीवर करून पाहिलं. तिने आकार मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि जिथे ती मागच्या वेळी अडली होती तिथे ह्या वेळी तिला अडकायला झालं नाही. अजिंठ्याची चित्रं नक्की नेणार. कथेकऱ्याची कल्पनाही घेतेय. मराठी माध्यमाची मुलं त्यात सगळ्यात पुढे असतील ह्याची मला खात्री आहे.

पैशांबद्दल लिहिणाऱ्यांना उत्तर द्यायलाच हवं, कारण सोसायटीतही हाच प्रश्न येतो. 'मॉन्युमेंट व्हॅली'च्या कर्त्यांनी २०१४ साली नवे भाग विकत दिले तेव्हा कित्येकांनी रागावून रेटिंगमध्ये पाचांपैकी एकच तारा दिला होता. हे लोकांना फुकट हवं होतं. मी कट्ट्यासाठी बत्तीस पानांची चित्रपुस्तकं विकत घेते. ती दहा मिनिटांत वाचून होतात आणि मुलं ती फाटेपर्यंत वाचतात. किती तास चाललं ह्यावर मी पुस्तकाची किंमत ठरवत नाही, तशी गेमचीही ठरवणार नाही. भाची 'गोरोगोआ' दुसऱ्यांदा पूर्ण खेळली, तेही फक्त मागच्या चित्रांत तो प्राणी कुठे कुठे लपलाय हे बघायला.

एक नवा प्रश्न. सोसायटीतल्या आजी-आजोबांनाही यायचं आहे. त्यांच्यासाठी काही?

प्रतिसाद ५

'ओल्ड मॅन्स जर्नी', २०१७. व्हिएन्नाच्या ब्रोकन रूल्सने केलेला. एका म्हाताऱ्याच्या हातात पत्र पडतं आणि तो पाठीवर ओझं घेऊन निघतो. आपण डोंगरांच्या कडा बोटाने वर-खाली ओढायच्या, म्हणजे मागचा डोंगर पुढच्याला येऊन मिळतो आणि त्याला वाट होते. ज्या डोंगरावर तो उभा आहे तो मात्र हलवता येत नाही. मधे मधे तो बसतो आणि जुनी आठवण चित्रासारखी उघडते. शब्द नाहीत. माझ्या आईने खेळला. कोडी सोपी आहेत, मुलांना संथ वाटेल. पण आई प्रत्येक आठवणीच्या चित्रावर थांबून, हा चुकला, ह्याने घर सोडायला नको होतं, असं त्या माणसाशीच बोलत होती. शेवट डोळे ओले करणारा आहे, तेव्हा मुलांच्या सत्रात न ठेवता वेगळ्या संध्याकाळी ठेवा.

'फ्लोरेन्स' कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगते. तो छोटा आणि सुरेख आहे. भांडण होताना संवादाच्या फुग्यांचे तुकडे टोकदार होत जातात, हे तर कमाल आहे. पण ती प्रेमाची आणि ताटातुटीची गोष्ट आहे. कॉलेजच्या मुलांसाठी ठेवा.

प्रतिसाद ६

तांत्रिक बाजू. 'गोरोगोआ' फोनवरून प्रोजेक्टरला जोडण्यापेक्षा लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल वापरा. प्रत्येक फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातंच असं नाही, ऐन वेळी फजिती होते. 'मॉन्युमेंट व्हॅली' घेणारच असाल तर फोनवर तो उभ्या पडद्याचा आहे, प्रोजेक्टरवर दोन्ही बाजूंना काळं राहील. संगणकासाठी २०२२ साली आलेली पॅनोरॅमिक आवृत्ती आडव्या पडद्याची आहे, ती घ्या.

क्लबहाऊसला पडदे आहेत का? 'गोरोगोआ'तल्या रेषा बारीक आहेत. सकाळी अकराच्या उजेडात मागच्या रांगेतल्या मुलांना काही दिसणार नाही.

धागाकर्ती

पडदे नाहीत. मग संध्याकाळी सहानंतर ठेवते. दिवाळीत फटाक्यांचा आवाज असेल, म्हणून भाऊबीज झाल्यानंतरचा रविवार बरा. स्पीकर आहे. एचडीएमआय केबल लांब लागेल, दहा मीटरची कोणाकडे असेल आणि मुलुंड-भांडुप भागात एका दिवसासाठी मिळू शकेल तर इथेच कळवा.