फ्रेडी अडूचं बिनसलं कुठं?

पेठेतला गोली: अमेरिकेचा हा फुटबॉलपटू २००४ मध्ये १४ व्या वर्षी तिथल्या डीसी युनायटेड क्लबकडून खेळला. पुढचा पेले म्हणायचे त्याला. मग काय झालं?

लेफ्ट बॅक: २००७ ला पोर्तुगालच्या बेनफिका क्लबनं घेतला, मग उसना दिला मोनॅको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर या क्लबांना. चार वर्षांत चार देश! दर मोसमात रोप उपटलं तर मूळ धरणार कधी?

जुना विंगर: मीपण १५ व्या वर्षी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मोठ्यांना चकवायचो. सामना झाला की कुणीतरी मिसळ खिलवायचंच. अठराव्या वर्षी बाकीची पोरं उंचीनं, ताकदीनं पुढं गेली. माझं मात्र बॉल गेला की कमरेवर हात. बचावाला मागं पळायला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी ऐकलं नसतं म्हणा.

पेठेतला गोली: म्हणजे लाड नडले?

जुना विंगर: लाड आणि गुडघा. गुडघ्याचं रात्री लिहितो, दुकान उघडायचंय.