शब्दचर्चा: ‘सूर्यांध’ संवेदक म्हणावं का?

अनुवादी: धातूंच्या ऑक्साइडांच्या पातळ थरांपासून बनणाऱ्या अतिनील संवेदकांवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘सोलर-ब्लाइंड’पाशी अडलोय. गॅलियम ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड, दोन्हींना ‘सूर्यांध’ लिहिलंय, पण कानाला खटकतंय. ‘थिन फिल्म’ला पापुद्रा चालेल का?

शब्दखोदू: खटकणारच. मदांध म्हणजे मदाने आंधळा झालेला. त्या चालीवर सूर्यांध म्हणजे उन्हाने डोळे दिपलेला. दिवांध म्हटलं तर थेट घुबड! मुळात या संवेदकाला काय दिसत नाही?

थरवाला: ऊन. सुमारे २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे किरण ओझोन वरच्यावर शोषून घेतो, त्यामुळे जमिनीवरच्या उन्हात ते नसतातच. गॅलियम ऑक्साइडची ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉन मोकळा होऊन प्रवाह वाहायला किरणात लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ४.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण २६० नॅनोमीटरपेक्षा आखूड किरणांनाच तो दाद देतो. भर उन्हात ठेवा, ढिम्म. हायड्रोजनची ज्योत उन्हात आपल्याला दिसतसुद्धा नाही, ती याला दिसते. झिंक ऑक्साइडचं वेगळं. फट ३.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सीमा ३७० नॅनोमीटरच्या आसपास. उन्हातलं अतिनील त्याला चांगलंच कळतं, फक्त डोळ्यांना दिसणारा प्रकाश कळत नाही. त्याला आम्ही ‘व्हिजिबल-ब्लाइंड’ म्हणतो.

अनुवादी: अरेच्चा, म्हणजे शब्द राहिला बाजूला, मजकूरच चुकलाय.

शब्दखोदू: मग मीही माघार घेतो. ‘रंगांध’ आपण वापरतोच की, आणि तो रंगाने आंधळा झालेला नसतो, त्याला रंग ओळखता येत नाहीत. तो आधार धरून गॅलियमवाला सूर्यांध, झिंकवाला दृश्यांध. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा म्हणजे झालं. पापुद्रा मात्र नको. पापुद्रा सुटून येतो, हा थर काचेला घट्ट बसलेला असतो.

जुनीवही: वर्ख? मुलामा?

थरवाला: वर्ख ठोकून करतात. आमचा थर निर्वातात किंवा द्रावणातून पृष्ठावर साचवलेला असतो, त्या दृष्टीने मुलामा जवळचा. पण मुलाम्यात आतलं हिणकस झाकल्याचा वास येतो. इथे खालची काच नुसता आधार, सगळं काम थराचंच. साधा ‘पातळ थर’ बरा.

जुनीवही: आणि अतिनील की जंबुपार? नील म्हणजे निळा, तो रंग तर जांभळा.

शब्दखोदू: अर्थाने जंबुपार सरस, पण रुळलाय अतिनील. सोडा.

थरवाला: जाता जाता माझाही एक अडलेला शब्द. अतिनील दिवा बंद केला तरी झिंक ऑक्साइडमधला प्रवाह लगेच उतरत नाही, कधीकधी तासन्‌तास. उजेडात पृष्ठावरचा ऑक्सिजन सुटतो आणि अंधारात तो पुन्हा चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवायला वेळ लावतो. याला ‘चिरस्थायी प्रकाशवाहकता’ लिहिलेलं पाहिलंय. चिरस्थायी कसली, उतरते की शेवटी!

जुनीवही: ‘रेंगाळती’ म्हणा.

थरवाला: घेतला.