क्वांटम थेंबात परका अणू टाकला तर तो आत बसतो का कडेला?

केळीचा_घड
नमस्कार मंडळी, एमएस्सी सेकंड इयर, जळगाव. सेमिनारला क्वांटम ड्रॉपलेटमधली (अतिथंड अणूंच्या ढगाचा आपोआप बांधला गेलेला थेंब) इम्प्युरिटी, म्हणजे त्यात घुसलेला परका अणू, हा विषय घेतला आणि आता पस्तावतोय. पेट्रोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाचा २०१५ चा मुद्दा डोक्यात शिरला, म्हणजे दोन जातींचे बोस अणू (एकाच अवस्थेत गर्दी करू शकणारे) मिसळायचे, दोन जातींमधली ओढ प्रत्येक जातीच्या स्वतःच्या अणूंमधल्या ढकलीपेक्षा जराशीच जास्त ठेवायची, मग ढग कोसळायला हवा पण क्वांटम फ्लक्चुएशन (थंडीतही न थांबणारी बारीक थरथर) त्याला कोसळू देत नाहीत. अडलंय ते पुढे. यात तिसऱ्याच जातीचा एक अणू सोडला तर तो जाईल कुठे? मी सरांना शेवभाजीच्या तर्रीचं उदाहरण दिलं, तेल वर येतं तसा हलका अणू कडेला येईल म्हटलं, तर ते नुसते हसले. आणि मुळात याला लिक्विड का म्हणतात, हे तर हवेपेक्षा विरळ आहे ना?

चोपड्याचा_पोर
तर्री आधी बाजूला ठेव भो. तेल वर येतं ते गुरुत्वाकर्षणामुळे, इथे तो हिशोबच नाही. परक्या अणूला थेंबातल्या अणूंची ओढ असेल तर त्याच्यासाठी थेंब म्हणजे एक खड्डा, जिथे घनता जास्त तिथे खड्डा खोल, म्हणून तो मधे बसतो. ढकल असेल तर बाहेर फेकला जातो, आणि बाहेर त्याला धरून ठेवणारं काहीच नाही, म्हणजे गेला तो गेला. हलकेपणाचा संबंध येतो पण वेगळ्या जागी, हलका अणू जास्त पसरतो, त्यामुळे थेंब छोटा असला की अडकायलाच तयार नसतो.

तापीकाठ
लिक्विडचं मी सांगतो. ओढीची ऊर्जा घनतेच्या वर्गाने वाढते आणि फ्लक्चुएशनची ढकल (ली, हुआंग, यांग यांनी १९५७ लाच काढलेली टर्म) अडीचव्या घाताने. म्हणजे विरळ असताना ओढ जिंकते, दाट झालं की ढकल, आणि मधे कुठेतरी एक घनता ठरून जाते. मग अणू वाढवले तर थेंब फुगतो पण मधली घनता तीच राहते, पाण्यासारखंच. ट्रॅप (अणूंना धरून ठेवणारा लेझरचा किंवा चुंबकाचा सापळा) काढला तरी तो आपला आपण टिकतो. हेच लिक्विडपण, दाटपणा नाही. तू म्हणतोस ते खरंय, हवेपेक्षा हजारो पट विरळ, द्रव हेलियमपेक्षा तर साधारण दहा कोटी पट. बार्सिलोना आणि फ्लॉरेन्सच्या लोकांनी २०१८ मध्ये पोटॅशियम-३९ च्या दोन स्पिन अवस्था मिसळून हे करून दाखवलं, त्याआधी २०१६ ला स्टुटगार्टला डिस्प्रोसियममध्ये दिसले होते, पण ते चुंबकीय अणू, त्यांचे थेंब लांबुळके होतात.

भुसावळ_जंक्शन
माले ते तर्रीलगूनच समजनं भो 😄 आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि तुमचं चाललंय नॅनोकेल्विन, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ

केळीचा_घड
मग कडेला कधीच नाही बसणार का? हेलियमच्या थेंबांवर सोडियमसारखे अणू पृष्ठभागावर बसतात असं वाचलं होतं.

चोपड्याचा_पोर
बसू शकतो, आणि खरी मजा तिथेच आहे. हेलियमचं कारण वेगळं, तिथे अल्कली अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला हेलियम जवळ येऊ देत नाही, म्हणून तो पृष्ठभागावर छोटासा खळगा करून बसतो. तुझ्या थेंबात दोन जाती आहेत, पाहुण्याची एकीशी ओढ आणि दुसरीशी ढकल असू शकते. थेंबात दोन्हींचं प्रमाण ठरलेलं असतं, म्हणून पाहुण्याला दिसते ती दोघांची बेरीज. ती बेरीज जवळपास शून्य झाली, ओढीच्या बाजूला किंचित झुकलेली, की फ्लक्चुएशनची उरलेली बारीक टर्म बोलायला लागते, ती घनतेच्या दीडव्या घाताने वाढते आणि ढकलते. मग विरळ भागात ओढ आणि दाट भागात ढकल, म्हणजे सगळ्यात सोयीची जागा मधे नाही, पृष्ठभागापाशी, जिथे घनता उतरत जाते. म्हणजे बघ, ज्या युक्तीने थेंब उभा राहतो तीच युक्ती पाहुण्याची जागाही ठरवते. सेमिनारला हा ग्राफ फळ्यावर काढ, ऊर्जा विरुद्ध घनता, बाकी सगळं त्यातून निघतं.

एक मात्र लक्षात ठेव, साध्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे एकाच अवस्थेत गोळा झालेल्या बोस अणूंच्या ढगात (२०१६ ला बोस पोलॅरॉन, म्हणजे आजूबाजूची गडबड अंगाला लावून फिरणारा परका अणू, दिसले ते तिथेच) ढग ट्रॅपने धरलेला असतो, पाहुण्याने थोडी गडबड केली तरी ढगाला फरक पडत नाही. थेंबाला धरणारं बळ म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी होऊन उरलेला चिल्लर हिशोब, त्यात पाहुण्याची ओढ जोरात असली तर छोट्या थेंबाचा आकारच बदलतो. तेव्हा थेंब जसाच्या तसा धरून फक्त पाहुण्याचं गणित सोडवलंस तर ते मोठ्या थेंबालाच चालतं.

केळीचा_घड
भाऊ मी नेमकं तेच केलं होतं, थेंब फिक्स धरून. आज रात्री पुन्हा कोड चालवतो, लाइट नाही गेली तर.

तापीकाठ
चालव. आणि कोणी प्रयोगाचं विचारलं तर सांग की पोटॅशियमचे थेंब काही मिलीसेकंदात विरतात, तीन-तीन अणू एकमेकांवर आदळून थेंबाबाहेर पळतात, पाहुणा टाकून बघायला वेळच कमी मिळतो. पोटॅशियम-रुबिडियमच्या मिश्रणात ते जरा जास्त टिकतात.