जादूचे ग्रंथ साखळदंडांत ठेवणारी कादंबरी इतकी आवडावी का?

पानगळ

मार्गारेट रॉजरसन यांची ‘सॉर्सरी ऑफ थॉर्न्स’ (२०१९) ही कुमारवयीन वाचकांसाठीची अद्भुत कादंबरी नुकतीच वाचली आणि मला ती मनापासून आवडली. ऑस्टरमीर या काल्पनिक राज्यातील समरशॉलच्या महाग्रंथालयात एलिझाबेथ ही अनाथ मुलगी लहानाची मोठी झाली आहे. तेथील जादूचे ग्रंथ कुजबुजतात, कण्हतात, कोणी अंगावर शाई थुंकतो. आणि त्यांना इजा झाली, तर त्यांचा राक्षस होतो. ग्रंथालयाची अशी भीतियुक्त माया मी क्वचितच वाचली आहे. नायिका उंच, धसमुसळी आणि तलवार चालवणारी आहे, हा आणखी एक आनंद. ही कादंबरी केवळ करमणूक आहे असे मानणाऱ्यांनी आपले मत अवश्य मांडावे.

तळटीप

करमणुकीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिच्या पोटातल्या गृहीतकाला. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळ्या लावलेले ग्रंथ आजही पाहायला मिळतात, आणि तिथली फडताळे १६११ सालची आहेत. परंतु त्या साखळ्या ग्रंथ मोलाचे होते, कोणी उचलून नेऊ नयेत, म्हणून होत्या. ग्रंथ घातक असतो हा दावा निराळ्या लोकांचा. कॅथलिक चर्चने निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ साली काढली आणि ती १९६६ पर्यंत चालू राहिली. रॉजरसन यांच्या जगात मात्र हा दावा शब्दशः खरा ठरतो: ग्रंथ खरोखरच माणसे मारतात, त्यांची धोक्यानुसार प्रतवारी होते आणि तळघरात डांबणारे रखवालदार शहाणे ठरतात. पंधरा वर्षांच्या वाचकाने यातून काय घ्यावे?

पानगळ

तळटीप, आपण कथेची अर्धीच बाजू मांडली आहे. मुखपृष्ठावर माणसाचे डोळे जडवलेला तो भयंकर ग्रंथ आपणहून मोकळा होत नाही, त्यामागे माणसाचा हात असतो. आणि तो हात राज्यातील सर्वांत प्रतिष्ठित गृहस्थाचा आहे हे लेखिका फार न ताणता सांगून टाकते. त्याच्याविरुद्ध बोलू पाहणाऱ्या एलिझाबेथला वेडी ठरवून इस्पितळात धाडले जाते. मग धोकादायक कोण ठरले? शिवाय जादूगार म्हणजे पाप, ही शिकवण तिला ग्रंथालयानेच दिलेली असते आणि ती पुढे तिची तिलाच टाकून द्यावी लागते. रखवालदार शहाणे ठरतात, हे मला पटत नाही. शेवट येथे उघड करत नाही, पण त्यात ग्रंथांची बाजू कोणती, हे आपण आठवून पाहावे.

गोदाकाठ

माझी तक्रार अगदी साधी आहे. ग्रंथालयासाठी पुस्तक हाती घ्यावे, तर नायिका लवकरच राजधानीत पोहोचते आणि मधला मोठा भाग नॅथॅनिएल थॉर्न या तरुण जादूगाराच्या वाड्यातील रुसव्या-फुगव्यांत जातो. त्या भागाला तारतो तो सायलस, म्हणजे चहा करणारा, पांढऱ्या मांजराचे रूप घेणारा आणि सेवेच्या मोबदल्यात मालकाच्या आयुष्यातील वर्षे घेणारा सैतान. माझ्या मते कादंबरी त्याची आहे. ग्रंथालय हे नेपथ्य.

तळटीप

गोदाकाठ यांच्याशी सहमत आहे, सायलसची पाने मीही दोनदा वाचली. पानगळ यांचा खलनायकाविषयीचा मुद्दाही मान्य. परंतु तो मारला गेला तरी साखळ्या जागच्या जागीच राहतात आणि नायिकेला त्यांची गरज योग्यच वाटते. चांगला रखवालदार मिळाला की कोठडीचे प्रयोजन संपत नाही. ज्या लेखिकेने ग्रंथांना आवाज दिला, तिने एकाही ग्रंथाला ‘मला येथून जायचे आहे’ असे का म्हणू दिले नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.