रोज लिहूनही मन हलके होत नाही. लिहिणे थांबवावे का?

ऐरोलीची वाचक

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात माझी आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिला घरी आणायचे की रुग्णालयातच ठेवायचे यावरून भावाचे आणि माझे जे बोलणे झाले, त्यानंतर आमचा संवाद सणासुदीच्या फोनपुरताच उरला आहे. एका मैत्रिणीने सुचवल्यावरून मी वही लिहू लागले. सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याने लिहिते, कारण घर लहान आहे आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत झोपतात. मात्र लिहून झाल्यावर रडू येते, झोप उडते, आणि मागची पाने चाळली तर ‘मी अजून आग्रह धरायला हवा होता’ हेच वाक्य शब्द फिरवून पुन्हा पुन्हा आलेले दिसते. हे असेच व्हायचे असते का? आणि वही कोणाच्या हाती लागू नये यासाठी आपण काय करता?

वाशीतील समुपदेशक

ताई, आपल्या प्रश्नाचा पहिला भाग अभ्यासकांनाही पडलेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटे लिहायला सांगितले होते. ज्यांनी क्लेशदायक प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांची मनःस्थिती लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न होती. परंतु पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा लिहिल्यावर रडू येणे हे काही बिघडल्याचे लक्षण नव्हे.

मला अडचण दिसते ती दुसरीकडे. तो प्रयोग 4 दिवसांचा होता, आणि आपण महिनोन्महिने त्याच वाक्यापाशी थांबला आहात. पेनेबेकर यांनी पुढे अशा लिखाणातील शब्द तपासले, तेव्हा ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येते’ अशा शब्दांचे प्रमाण वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाल्याचे आढळले. उलट, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नुकत्याच विभक्त झालेल्या व्यक्तींवरील एका अभ्यासात, तेच विचार घोळवत राहण्याची सवय असलेल्यांना भावना लिहून काढणे मानवले नाही. दिवसभरात काय केले एवढेच लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे सावरले. शिवाय 2006 मध्ये 146 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सरासरी लाभ खरा पण लहान निघाला. वहीकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून काही बदल सुचवतो. झोपण्यापूर्वी लिहू नका; लिहिल्यानंतर अर्धा तास तरी हाताशी राहील अशी वेळ निवडा. घड्याळ लावून 15 मिनिटांनी थांबा. तोच प्रसंग एकदा भावाच्या जागी उभे राहून लिहा, आणि एकदा ‘मी’ हा शब्द न वापरता, स्वतःचे नाव घेऊन, त्रयस्थाने पाहावे तसा लिहा. एखादा विषय लिहिताना असह्य होऊ लागला, तर तो बाजूला ठेवून दुसऱ्या विषयावर लिहावे. जिद्दीने रेटू नये. झोप आणि जेवण बराच काळ बिघडलेले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे, तो चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

नौपाड्यातील निवृत्त

समुपदेशकांचे म्हणणे मान्य आहे, पण एक जोडतो. जवळचे माणूस जाणे हा एकच प्रसंग नसतो. तो कपाट उघडताना, रेशनकार्डावरचे नाव कमी करताना, पेन्शनच्या कागदांवर सही करताना पुन्हा पुन्हा घडतो, त्यामुळे 4 दिवसांचे माप त्याला पुरेल असे मला वाटत नाही. पत्नी गेल्यानंतर मला भावना लिहायला जमेना. चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ते जमणार तरी कसे? मग मी फक्त वस्तू लिहू लागलो. तिच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा, त्यातले गुरुवारपासूनचे खण भरलेले, शनिवारच्या खणात अर्धी तोडलेली रक्तदाबाची गोळी. ती गोळी तिनेच तोडली होती, कारण दुपारी तिला चक्कर यायची आणि डॉक्टरांना विचारायचे राहून गेले होते. हे वाक्य वहीत उतरले तेव्हा मी काही महिने कोणावर रागावलो होतो ते मला कळले. आपणही आईच्या शेवटच्या आठवड्यातले असे एखादे दृश्य निवडून, मत न देता, जसेच्या तसे लिहून पाहावे.

घणसोलीचा प्रवासी

वही लपवण्याबाबत: मी ठाणे–पनवेल लोकलमध्ये मोबाइलवर लिहितो आणि त्या नोंदींना वेगळा पासवर्ड ठेवला आहे. कागदच हवा असेल, तर सुटी पाने वापरा आणि लिहून झाली की फाडून टाका. जपून ठेवायलाच हवे असे कोठे आहे?

ऐरोलीची वाचक

सर्वांचे आभार. वही आता कार्यालयातल्या कुलुपाच्या खणात असते आणि जेवणाच्या सुटीत रिकाम्या बैठकीच्या खोलीत बसून लिहिते. भावाच्या जागी उभे राहून लिहिताना प्रथमच हे नोंदले गेले की त्या आठवड्यात बिलांच्या खिडकीपाशी रांगेत तोच उभा असे आणि डॉक्टर जे सांगत ते आधी त्याला ऐकावे लागे. मी संध्याकाळी पोहोचत असे, तोवर त्याचे ऐकून झालेले असे. अजून त्याचे म्हणणे पटलेले नाही. आता हे पान त्याला पाठवावे असे वाटते. पाठवू का?

वाशीतील समुपदेशक

ते पान पाठवू नका. कोणी वाचणार आहे हे ठाऊक असले की आपण नकळत बाजू मांडू लागतो, आणि पुढचे लिखाण त्याच्यासाठी होईल. रांगेची गोष्ट मात्र त्याला फोनवर जरूर विचारा.