आल्टन टॉवर्सचं नेमेसिस: सगळा ट्रॅक बदललाय, मग राइड तीच की नवी?

चहाबाज_सई:
मंडळी, भाचा पुण्याहून येतोय सुट्टीला, मेकॅनिकलला आहे आणि त्याने आल्या आल्या एकच लकडा लावलाय की मावशी आल्टन टॉवर्सला (इथलं इंग्लंडमधलं राइड्सचं पार्क) जायचं आणि नेमेसिस या रोलर कोस्टरमध्ये बसायचं. आमचे हे म्हणतात आता काय अर्थ नाही, आम्ही स्टुडंट असताना बसलो ती खरी नेमेसिस, ती पाडली आणि त्याच नावाने दुसरी उभी केली. भाचा म्हणतो काका, लेआउट तोच आहे. जेवताना रोज हाच वाद, आणि मला तर दोन्ही माहीत नाही कारण मी पाळण्यातही बसत नाही. तर जाणकारांनी सांगा, नक्की काय बदललं, आणि नुसता ट्रॅक बदलायला सव्वा वर्षाच्या वर कशाला लागलं? आमच्या इथे रस्ता खणला तरी एवढा वेळ लागत नाही (लागतो म्हणा).

पोटात_गोळा:
ताई, धागा काढल्याबद्दल आधी धन्यवाद, यावर मी किती दिवस बोलायला टपलेलो :D

तुमचे हे अर्धे बरोबर. नेमेसिस मार्च 1994 ला सुरू झाली, युरोपातली पहिली इन्व्हर्टेड कोस्टर, म्हणजे गाडी रुळाखाली लटकते आणि पाय मोकळे. नोव्हेंबर 2022 ला बंद केली आणि 16 मार्च 2024 ला 'नेमेसिस रीबॉर्न' म्हणून उघडली, तीस वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी असताना. ट्रॅक जवळपास सगळा नवा, पण वळणं तीच, चार वेळा उलटी होते तीही त्याच क्रमाने, लांबी तीच 716 मीटर.

आणि ते वेळेचं म्हणाल तर एक गोष्ट लोक विसरतात, हे पार्क हिवाळ्यात तसंही बंदच असतं. म्हणजे कॅलेंडरवर सोळा महिने दिसतात पण त्यात दोन हिवाळे आले, बुडाला तो 2023 चा एकच सीझन. त्या मानाने कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली स्पेस माउंटन बघा, 1977 ची राइड, आतला ट्रॅक बदलायला एप्रिल 2003 ते जुलै 2005 बंद होती. उलट ऑरलँडोची हल्क ही रोलर कोस्टर 2015 च्या सप्टेंबरात बंद केली आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्या ट्रॅकवर चालू.

घाटावरचा_फिटर:
भाच्याला हे दाखवा, त्याच्या कामाचं आहे.

या ट्रॅकला मधे जाड चौकोनी कणा असतो, आतून पोकळ, आणि त्याला जोडलेले दोन पाइपचे रूळ. सगळं वेल्डिंग. दर फेरीला गाडी त्याच त्याच जागी, मुख्यतः खोलगट वळणाच्या तळाशी, जोर देते. पोलाद तुटत नाही, वाकत नाही, पण दमतं, यालाच फटीग म्हणतात, आणि ते पहिलं दिसतं वेल्डच्या कडेला, केसाएवढी चीर, नुसत्या डोळ्याला दिसेलच असं नाही. म्हणून दर हिवाळ्यात रंग खरवडून मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट करतात, चीर सापडली की ग्राइंड करून परत वेल्ड मारतात. चालतं ते. पण वेल्डच्या उष्णतेने शेजारचा धातू बदलतो, मग दोन-चार वर्षांनी पॅचच्या शेजारी नवी चीर, असं करत करत एक दिवस हिशोब घातला की तपासणी आणि दुरुस्तीतच हिवाळा संपतो. वर इंग्लंडचा पाऊस.

आता नवा ट्रॅक म्हणजे सरळ रूळ नाही, प्रत्येक तुकडा तिन्ही दिशांना वळलेला आणि कुठलाही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. कारखान्यात तो वाकवायचा, आणून खड्ड्यात उतरवायचा आणि बोल्टची भोकं जुळवायची. तिथे थोडी चूक झाली तर पुढे गाडीला धक्का बसतो. त्यानंतर सीटवर पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्या, मग कुठे माणसं. आमच्याकडे साधी कन्व्हेयरची लाइन बदलायची तर शटडाउन दोनदा वाढतो, त्यामुळे मला सोळा महिने अजिबात जास्त वाटत नाहीत.

चहाबाज_सई:
बापरे, "खड्ड्यात" म्हणजे? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसरी नवीनच का नाही बांधली?

पोटात_गोळा:
ताई, तिथेच तर खरी गोम आहे. त्या भागात झाडांच्या शेंड्यांच्या वर काही बांधायला परवानगी नाही, जुना वाडा, बागा, आजूबाजूला गाव. मग 1994 ला त्यांनी वर जायच्या ऐवजी सुरुंग लावून खडक फोडला आणि कोस्टर खाली बसवली. राइड डिझाइनर जॉन वॉर्डलींची कल्पना, बनवली स्विस कंपनी बी अँड एमने. उंची जेमतेम 13 मीटर, पण खड्ड्यामुळे उतार 30 मीटरच्या वर. वळणं त्या खडकाला बेतून काढलीत, त्यामुळे ती काढून कॅटलॉगमधली दुसरी आणून ठेवणं शक्यच नाही. लेआउट गेला तर नुसता खड्डा उरतो. म्हणून ट्रॅक फेकला आणि आकार ठेवला, आणि माझ्या मते हाच शहाणपणा. पुण्यात सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की नाव तेच, माणसं तीच आणि बाकी सगळं वेगळं, इथे अगदी उलट झालंय.

जुनंच_बरं:
एवढं कौतुक नको. मी काकांच्या पार्टीत. जुना पांढरा ट्रॅक हिरव्या झाडीत आणि लाल पाण्यावर काय उठून दिसायचा! आता काळा, त्यावर लाल शिरा, ढगाळ दिवशी काही कळत नाही. नवी कथा, ती फॅलँक्स नावाची संघटना, स्टेशनवरच्या राक्षसाचा हलणारा डोळा, हे रांगेतल्या पोरांना ठीक आहे. राइडमध्ये बसल्यावर त्याकडे कोण बघतं? मात्र एक कबूल, पहिला उतार संपून स्क्रूसारख्या उलट्या पिळात शिरताना पाय खडकाला घासतील असं वाटून मी परवाही गुडघे वर घेतले.

पोटात_गोळा:
@जुनंच_बरं म्हणजे आवडली :D

घाटावरचा_फिटर:
रंगाबाबत +१. आवाजाबाबत मात्र नाही, ती पोकळ कण्याची घुमणारी गुरगुर लांबून ऐकू आली की अजूनही बरं वाटतं.

ताई, प्रॅक्टिकल सांगतो. नेमेसिसला उंची किमान 1.4 मीटर लागते, भाचा त्याच्या वर असणारच, पण सोबत लहान पोरं असतील तर त्यांना तिथल्याच थर्टीन किंवा विकर मॅन या राइड्स, तिथे 1.2 चालतं. सकाळी गेट उघडल्यावर सरळ फॉरबिडन व्हॅली (नेमेसिस आहे तो भाग) गाठा, दुपारी रांगेत जीव जातो. तुम्हाला बसायचं नसेल तर खड्ड्याच्या कडेच्या वाटेवरून सगळं दिसतं, गाडी डोक्यावरून जाते, फुकटात. आणि काकांना एकदा मागच्या रांगेत बसवा, मग वाद घाला.

चहाबाज_सई:
हे वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, रंग काळा केला तिथेच विषय संपला. पण तिकिटं चारच काढायला सांगितलीत, म्हणजे स्वतःचं धरून.